मधली फळी

नवशाला काल्हेर गावात सगळे ‘सेनापती’ म्हणायचे आणि त्याला ते आवडायचंही, हीच तर बोंब. त्याच्या गोडाऊनच्या ऑफिसात जुनापुराणा ठोकळा कम्प्युटर होता आणि त्यावर प्राचीन लढायांचा खेळ. भालेवाले, घोडेस्वार, हत्ती, सगळे चौकोनांवर उभे. तो आणि चुलतभाऊ प्रितेश एकाच खुर्चीवर आळीपाळीने खेळायचे. एकाची चाल झाली की त्याने उठायचं, दुसऱ्याने बसायचं. नवशाचा धाकटा भाऊ जीवन टेबलाच्या कडेवर बसून दोघांना चिडवायचा.

नवशाचा डाव ठरलेला. मधली फळी हळूहळू मागे घ्यायची. प्रितेश डोक्यात राख घालून मध्ये घुसला, की दोन्ही अंगांनी घोडेस्वार सोडायचे. मग पडद्यावर नुसती कत्तल. मधली फळीही बहुतेक मरायचीच. "मरू दे रं, त्यासाठीच असतात ती," नवशा म्हणायचा. वीस वर्षं हरूनही प्रितेश काही शिकला नाही, गाढव लेकाचा.

मग एके दिवशी दोघांच्या शेजारशेजारच्या गोडाऊनांमधून जाणाऱ्या सामाईक रस्त्यावर प्रितेशने तारेचं कुंपण घातलं. नवशाने ते उपटून खाडीत फेकलं. प्रितेशचा निरोप आला: उद्या सकाळी धा वाजता येतो, हिंमत हाय तर उभा ऱ्हा.

घरच्या थोरल्यांना मध्ये घालावं, हे कुणाही शहाण्याला सुचलं असतं. आमच्या सेनापतीने काय केलं? कम्प्युटर चालू केला आणि जीवनला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं.

"तू तिघांना घेऊन आवारात मधी उभा ऱ्हा. तो आला का मागं सरकायचं, बस. मी आन् बाकीचे ट्रकांच्या आड."

"मीच का मधी, दादा?"

"तू त्याचा लाडका. तुझ्यावर हात उचलाया त्याला जड जाईल."

जीवन हसला. त्याचा दादावर भारी विश्वास.

सकाळी नवशाने आपल्या हाताने गोडाऊनचं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. आतल्या मालाला धक्का नको, एवढंच त्याच्या डोक्यात.

दहाला प्रितेश वीस माणसं घेऊन आला. लोखंडी सळया, हॉकी स्टिक, एकाच्या हातात तर कोयता. बोंबलत सगळे थेट मध्ये घुसले. जीवनची माणसं मागे सरकली. अगदी खेळातल्यासारखं! नवशाच्या अंगावर आनंदाने काटा आला, खोटं कशाला बोला. त्याने शीळ घातली आणि दोन्ही ट्रकांमागून त्याची माणसं तुटून पडली.

हाडं मोडल्याचा आवाज पडद्यावर कधी आला नव्हता. कुणाचा जबडा निखळला, कुणाची बोटं तुटून मातीत पडली. नवशाने सळई प्रितेशच्या टाळक्यात घातली. रक्त डोळ्यांत उतरलं तसा प्रितेश आंधळा झाला आणि मिळेल त्या दिशेला सळई फिरवत सुटला. त्याच्यापुढे जीवन होता. तो मागे सरकला, आणखी सरकला आणि पाठ शटरला टेकली.

"प्रितेशदादा, मी हाय! जीवन!"

पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा कानामागे. शटर दणाणलं. जीवन त्याला टेकूनच खाली घसरला आणि पत्र्यावर रक्ताचा रुंद पट्टा राहिला. नवशा ओरडत धावला, पण वाटेत त्याचीच माणसं होती, कोंडाळं करून लढणारी. डाव इतका चोख बसला होता की त्यालाच आत जाता येईना.

दवाखान्यात दुपारी डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. प्रितेशला पोलीस घेऊन गेले होते. आई कलावती बाकावर बसली होती, डोळे कोरडे.

"माझा जीवन पळण्यात चपळ," ती म्हणाली. "मग पळाला का न्हाय रं तो?"

नवशाने खिशातून किल्ली काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"मागं जागाच न्हवती, आये. शटर मीच लावलं व्हतं."

कलावतीने किल्ली मुठीत आवळली आणि त्याच मुठीने त्याच्या तोंडावर मारत राहिली. ओठ फुटला, दात हलला, तरी नवशा जागचा सरकला नाही.