बाथरूममधला पंप

कंडक्टरसाहेब निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी विनातिकीट माणूस त्यांना अजून चेहऱ्यावरून ओळखता येत असे. आज मात्र ते स्वतःच विनातिकीट निघाले होते. फुप्फुसांच्या तपासणीआधी रात्रीपासून दम्याचा पंप ओढायचा नाही, अशी सक्त ताकीद होती. साहेबांनी निघण्यापूर्वी बाथरूमची कडी लावून पंप गुपचूप ओढून घेतला होता. रिपोर्ट खराब आला की मुलगा त्यांना आणि बायकोला तिसऱ्या मजल्यावरून उचलून आपल्या तळमजल्यावर नेणार, हे ठरलेलंच होतं. आयुष्यभर स्वतःच्या दाराला स्वतः कुलूप लावलेल्या माणसाने आता सुनेच्या घरात पाहुण्यासारखं बसायचं, या विचारानेच त्यांचा जीव अर्धा होत होता.

तपासणीच्या खोलीतल्या बाई ठेंगण्या, पण आवाजाने खणखणीत होत्या.

“पट्टा सैल करा, काका. पोटभर जेवून नाही ना आलात?”

“नाही.”

“पंप घेतलात?”

“नाही,” म्हणत साहेब खिडकीबाहेर बघू लागले. असे बाहेर बघणारे त्यांनी किती पकडले होते! शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोने नुसतं वर पाहिलं.

नाकाला चिमटा लागला, तोंडात नळी गेली.

“खोल श्वास घ्या... आता सोडा! जोरात! अजून, अजून, अजून!” बाई अशा ओरडल्या की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उभे राहिले. बायकोनेही हातभार लावला.

“अहो, फुंका की! माझ्यावर ओरडताना बरा पुरतो दम!”

मग पंपातलंच औषध देऊन, थोडा वेळ बसवून बाईंनी पुन्हा फुंकायला लावलं. आकडे जवळजवळ तेच आले. साहेब खूश झाले.

“म्हणजे पास?”

“पास कसलं, काका? औषधाआधी आणि औषधानंतर सारखंच. म्हणजे पंपाने तुम्हाला काडीचा फरक पडत नाही. डॉक्टर बहुतेक बंदच करतील तो.”

पंपाशिवाय तिसरा मजला? हे तर आगीतून फुफाट्यात!

“सकाळी घेतला होता,” ते पुटपुटले. नाकाचा चिमटा काढायचंही भान नव्हतं, त्यामुळे कबुली गेंगाण्या आवाजात झाली.

“मला ठाऊक होतं,” बायको म्हणाली. “बाथरूममध्ये साप शिरल्यासारखी फुसफुस चालली होती.”

बाईंनी कपाळाला हात लावला. “उद्या परत या. रात्रीपासून पंप बंद. फारच दम लागला तर घ्या, पण मला खरं सांगा.”

घरी येताना पहिल्या जिन्याच्या वळणावर साहेब थांबले. एरवी इथे ते दारांवरच्या पाट्या वाचल्यासारखं करत. आज कठडा धरून त्यांनी उघड उघड धापा टाकल्या. एक पायरी खाली असलेली बायको मटकन बसलीच.

“तुला काय झालं?”

“गुडघे. वर्ष झालं. तुम्ही पाट्या वाचत थांबता म्हणून निभतंय.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर माझ्यासाठी म्हणून लगेच मुलाकडे जायला निघाला असतात. आणि मग तिथे झुरत बसला असतात.”

साहेब तिच्या शेजारी टेकले.

“उद्या खरं फुंकतो,” ते म्हणाले. “यायचं ते येऊ दे.”

“फुंका,” ती म्हणाली. “पण त्या बाईंसमोर माझ्या गुडघ्यांचं काढलंत तर याद राखा!”