बंदर मुंबईचं, डबा बडनेऱ्याचा

नागपूरच्या माणसाला समुद्र कुठूनही लांबच. त्यामुळे अदितीने आईबापांना लग्नाच्या वाढदिवसाला बोटीची सफर देऊ केली आणि "बोट मुंबईहून धरायची की चेन्नईहून, तेवढं उद्यापर्यंत सांगा," असं पुण्याहून फोनवर म्हटलं, तेव्हा नंदनवन वस्तीतल्या त्या घरात वाद होण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. तरी झाला.

चंपतराव कोराडीच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. घरात शेवटचा शब्द आपला, या समजुतीवर त्यांचा संसार सुखाने चालला होता. त्यांनी मुंबई म्हटलं. विमानात बसायचं, उतरायचं, बोटीत चढायचं. विषय संपला.

"मले वाटते चेन्नई बरं," गोपिकाबाई म्हणाल्या.

चंपतराव चाटच पडले. बाईंनी कधी कशाचा आग्रह धरल्याचं त्यांना आठवेना. "चेन्नई? काहून? कोन आहे वं तिथं आपलं?"

"तिथं कोनी नाही. पन गाडी बल्लारशाले थांबते. सरिता डबा घेऊन येतो म्हनते."

सरिता ही गोपिकाबाईंची धाकटी बहीण. चंपतरावांना हसू आवरेना. "अवं, बल्लारशा इथंच तं आहे! घरून जेवून निघशील अन् लगेच डबा घेशील? लोकं समुद्र पाहून बंदर ठरवतात, तू भाजी पाहून ठरवून राहिली!"

त्याच संध्याकाळी त्यांनी मुंबई पक्की करून टाकली. गोपिकाबाई "बरं" म्हणाल्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला बसल्या. त्यांच्या "बरं"मध्ये काय काय असतं, हे चंपतरावांनी आजवर कधी उघडून पाहिलं नव्हतं.

आता नागपूर हे गाव असं, की देशातल्या निम्म्या गाड्या इथून जातात आणि प्रत्येक गाडीत चंपतरावांचा एक तरी नातेवाईक निघतो. निघाला की फोन येतो, आणि गोपिकाबाई डबा घेऊन स्टेशनवर हजर. सुरुवातीला त्या नाव कोरलेले स्टीलचे डबे देत. ते काही परत आले नाहीत. मग श्रीखंडाचे प्लॅस्टिकचे डबे जपून ठेवू लागल्या, पण स्टेशनवर जाणं सोडलं नाही.

त्या आठवड्यात पुतण्या विहंग रायपूरहून पुण्याला निघाला होता. स्कूटर आपणच चालवायची म्हणून चंपतरावही बरोबर गेले. विहंगने दारातून डबा घेतला, "काकू, सांबारवडी आहे ना?" एवढं विचारलं आणि गाडी सुटली. गोपिकाबाई रिकामी पिशवी घडी करत गाडीचा शेवटचा डबा जाईपर्यंत उभ्या राहिल्या.

चंपतरावांनी बायकोला असं उभं राहिलेलं पहिल्यांदाच नीट पाहिलं. आजवर ते घरी पेपर वाचत असायचे.

"सरिताचा डबा काहून पाहिजे होता तुले?" त्यांनी विचारलं.

"काही नाही हो. लग्न झाल्यापासून मी प्लॅटफॉर्मवरच आहो. एक डाव गाडीत बसून डबा घ्याचा होता." मग त्या हसल्या. "विमानात कोन आनून देते? चला, दूध घ्याचं आहे."

चंपतरावांना मनापासून लाज वाटली. घरी येऊन त्यांनी बुकिंग बदलण्याची खूप खटपट केली, पण बोट काही मुंबई सोडेना. मग विमानाची तिकिटं रद्द करून त्यांनी गाडीची काढली. आणि गच्चीवर जाऊन, जिने ऐकू नये तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, मुंबईच्या वाटेवरच्या आपल्या माणसांना फोन लावले. आयुष्यात कोणापुढे हात न पसरलेला माणूस भाजीपोळी मागत होता. वर्ध्याचा भाचा म्हणाला, "नक्की मामा, हे काय सांगनं झालं?" बडनेऱ्याचे चुलतभाऊ रुपराव, जे लेकीकडे रायपूरला जाताना दरवेळी डबा घेत, त्यांनी मात्र "गाडी किती वाजता येते?" एवढंच विचारून फोन ठेवला.

निघायच्या दिवशी वर्धा आलं. चंपतराव पाय मोकळे करायच्या निमित्ताने दारात गेले, फलाटभर नजर फिरवली, आणि गाडी सुटल्यावर हात हलवत परत आले. भाच्याचा फोनही लागेना. गोपिकाबाईंनी घरून आणलेला डबा काढला.

"थांब वं जरा. भूक नाही मले."

"तुमाले? भूक नाही?" बाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

बडनेऱ्याला चंपतरावांना उठायचा धीरच होईना. तोच "वहिनी!" अशी हाक डब्याच्या दारातून आली. रुपराव धापा टाकत उभे होते. गोपिकाबाई लगबगीने उठल्या, आणि सवयीने काय केलं असेल? घरचा डबा उचलला आणि रुपरावांच्या हातात द्यायला धावल्या.

"अवं वहिनी, आज तुमी नाही, आज मी!" रुपरावांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणावर कोरलेलं होतं: सौ. गोपिका. "तुमचाच आहे. कधीचा घरी पडून होता. रिकामा कसा परत देऊ, म्हनून राहिला, अन् राहूनच गेला. तुमच्या जावेनं, यमुनं, पाटवडी केली आहे."

गोपिकाबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला. डबा घेताना काय बोलतात, हे त्यांना माहीतच नव्हतं. गाडी हलली, रुपराव मागे मागे जात दिसेनासे झाले, तरी त्या दारातच होत्या.

जागेवर येऊन त्यांनी झाकण उघडलं. रस्सा थोडा सांडला होता, पाटवड्या मात्र गरम होत्या.

"चेन्नईच्या गाडीत सरिता नक्की आली असती," चंपतराव खालमानेने म्हणाले.

"सरिता तं येतेच. ते माही बहीन आहे." गोपिकाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि पहिली पाटवडी नवऱ्याला न देता स्वतःच्या तोंडात टाकली. "आज तुमच्या घरचं मानूस आलं."