राजेंची खुर्ची

आबांनी पसंतीच्या रकान्यात ‘मोठे विमान, कॅप्टन’ निवडले आणि वैमानिकांच्या कामाचे रोस्टर सांभाळणाऱ्या बाईंकडे पाहिले.

“आबा, छोट्या विमानांवर तुम्ही सगळ्यांत ज्येष्ठ. हव्या त्या फेऱ्या घेता, रोज संध्याकाळी घरी असता,” बाई म्हणाल्या. “तिकडे शेवटचे व्हाल. उरलेलं तेवढं मिळेल. आणि निवृत्तीपर्यंत स्वतःहून परत येता येणार नाही.”

“माझ्यामुळे तिथून कोण बाहेर पडेल?”

“जागा ठरलेल्याच. सर्वांत कनिष्ठ असेल तो छोट्या विमानांवर येईल. म्हणजे राजे.”

“मग झालं तर.”

राजे आणि आबा एकाच दिवशी नोकरीला लागले होते. आबा वयाने आठवडाभर मोठे, म्हणून ज्येष्ठतेच्या यादीत एक घर वर. शिकाऊपणी राजेंनी विमान धावपट्टीवर आदळले आणि ठपका आबांवर ढकलला. आबांची बढती लांबली. तो राग त्यांनी गिळला होता, पचवला मात्र नव्हता. त्यात गेले वर्षभर राजे कॅन्टीनमध्ये चारचौघांत म्हणायचे, “मोठं विमान उडवायला छाती लागते, आबा. तुझं आपलं छोटंच बरं!” पोरं हसायची आणि आबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आता राजेंचा पगार घटला, मिजास उतरली की बघू छाती, असे म्हणत ते त्या दिवशी शीळ घालतच घरी गेले.

बायकोने सगळे ऐकून घेतले. गॅलरीतल्या दोन खुर्च्यांपैकी एक तिने घडी करून आत ठेवली.

प्रशिक्षण संपले आणि आबा राखीव वैमानिक म्हणून विमानतळावर बसू लागले. कोणी आजारी पडले की यांनी उडायचे. एका संध्याकाळी राजे छोट्या विमानावरून उतरून वैमानिकांच्या खोलीत आले. कोपऱ्यात बसलेले आबा त्यांना दिसले नाहीत. त्यांनी फोन कानाला लावला.

“निघालो गं. हो, आता रोजच येणार. आबा हलल्याशिवाय छोट्या विमानांवर पहिला नंबर मिळत नव्हता ना. वर्षभर टोमणे मारले, तेव्हा कुठे हलला. मी ओळखून आहे त्याला.”

बॅग ओढत ते हसत बाहेर पडले. आबा उठले. मूठ आवळली, पण धरायची कोणाची कॉलर? पसंती तर त्यांनी स्वतःच्या हाताने भरली होती.

खिशातला फोन वाजला. बायको होती.

“येताय का जेवायला?”

आबांनी दाराकडे पाहिले.

“तू जेवून घे,” ते म्हणाले.