ज्याची बोटं आखडली नाहीत

सकाळचे आठ वाजले होते आणि सभागृहात दोनशे माणसं सतरंज्यांवर उताणी पडून भात्यासारखा श्वास फेकत होती.

"भरा! फेका! भरा! फेका!" व्यासपीठावरून पांढऱ्या झग्यातले श्वासगुरू ओरडत होते. मागे ढोलाचं रेकॉर्डिंग धडधडत होतं. पाचसहा मिनिटं झाली आणि पहिली किंकाळी आली.

"अगं बाई! माझे हात! माझे हात बघा!"

त्या बाईची बोटं आपोआप ताठ होऊन चोचीसारखी एकत्र आली होती. मग तिच्या शेजारच्याची, मग ओळीच्या ओळी. कोणी हमसाहमशी रडायला लागलं, कोणी हसत सुटलं.

"घाबरू नका!" श्वासगुरू गरजले. "जन्मभराचं दुःख पेशीपेशीतून निघालंय आणि बोटांत येऊन अडकलंय! आता मी ते ओढून घेणार!"

ढोल थांबला, बासरी लागली. "सावकाश... शांत..." असं पुटपुटत गुरू ओळींमधून फिरू लागले. ज्याच्या हाताला स्पर्श करतील त्याची बोटं थोड्या वेळात सुटत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दाराशी उभ्या असलेल्या पोहण्याच्या बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या बावीस वर्षं तलावावर पोरांना पोहायला शिकवत होत्या आणि ही आखडलेली बोटं त्यांना नवी नव्हती. पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज लावून पोरं आधी फासफूस श्वास घेत, आणि काठावरच त्यांच्या हातांना मुंग्या येत. एकदा तर एक मुलगा तसाच पाण्यात उतरून बेशुद्ध पडला होता. त्या दिवसापासून तलावावर बाईंचा एकच कडक नियम होता: बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेतला, तर आठवडाभर पाण्यात पाय टाकायचा नाही.

पण बाई आज इथे आल्या होत्या त्या धाकट्या भावासाठी.

भाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. हात असा सफाईचा, की मालक अवघड नंबर त्याच्यासाठीच राखून ठेवी. गेल्या वर्षी तो एकाएकी विझला. आंघोळ नको, बोलणं नको, एकच काच तीनदा चुकीची घासायची. डॉक्टरांनी नैराश्य आहे असं सांगून गोळ्या दिल्या, रोज चालायला आणि पोहायला सांगितलं. चार महिन्यांनी तो पुन्हा जेवताना थट्टा करायला लागला. मग दुकानातल्या कुणीतरी त्याला इथे आणलं. तीन शिबिरं झाली तरी याची बोटं काही आखडली नाहीत. तेव्हा श्वासगुरूंनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं. "गोळ्यांनी तुझ्या नसा बुजल्यात. दुःखाला वाटच उरली नाही. आधी ते विष टाक!"

त्याने टाकलं. तीन आठवडे झाले. काल भावजयीचा फोन आला. "ताई, हे परत भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलेत. मला फार भीती वाटतेय. उद्या पुन्हा त्या शिबिराला जाणारेत, तुम्ही या."

आताही तो शेवटच्या ओळीत बसून आपल्या मोकळ्या बोटांकडे गुन्हेगारासारखा बघत होता.

"कोणाला शंका असेल तर वर या!" श्वासगुरू नेहमीचं वाक्य बोलले. "शंकेखोराच्या हातातूनसुद्धा मी दुःख काढून दाखवतो!"

"आले! त्या शेवटच्या ओळीतल्याची मी थोरली बहीण!" बाई म्हणाल्या आणि तरातरा वर जाऊन खुर्चीत बसल्या.

गुरू खूश झाले. "भरा! फे..."

"तुम्ही जरा गप्प बसा. तुमचा आवाज नको, ढोल नको. रखवालदारकाका, ती भिंतीवरची पाटी वाचता का? वाचतच राहा."

सभागृहाचा रखवालदार गोंधळला, पण बाईंनी माईक हातात दिल्यावर तो कोण सोडतो? तो सपाट आवाजात वाचू लागला, "खुर्च्या ओढू नयेत. भिंतीला पाय लावू नयेत. जाताना पंखे बंद करावेत. खुर्च्या ओढू नयेत..."

बाई जोरजोरात श्वास फेकू लागल्या. लोक आधी हसले. पाटीचं चाळिसावं पारायण चाललं असताना हसू थांबलं. बाईंनी दोन्ही हात वर केले. बोटं ताठ, चोचीसारखी.

"बघा," त्या अडखळत म्हणाल्या, कारण ओठही बधिरले होते. "माझं कसलं दुःख निघालं हो? मी दुःखी नाहीच. मी रागावलेय! आणि हे मंत्राने झालं म्हणाल, तर मंत्र होता जाताना पंखे बंद करावेत!"

सभागृह खदखदलं. श्वासगुरू लगबगीने बाईंच्या हाताला स्पर्श करायला पुढे झाले.

"हात लावायचा नाही!" बाई कडाडल्या. मग त्या सावकाश श्वास घेत नुसत्या बसून राहिल्या. पाचएक मिनिटांत एकेक बोट आपसूक सुटलं.

"ऐका. जोरजोरात श्वास फेकला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे कॅल्शियमचा तोल ढळतो, नसा चेकाळतात आणि स्नायू आखडतात. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. श्वास सावकाश केला की सगळं जागेवर येतं. हे गुरू ढोल थांबवतात, बासरी लावतात, तुमचा श्वास मंदावतो आणि त्याच वेळी हे हात लावतात. एवढीच यांची विद्या! घरी करून बघू नका, एखाद्याला ते महागात पडेल."

"मग आम्हाला बरं वाटलं ते खोटं का?" पहिल्या ओळीतल्या एकीने रडवेल्या सुरात विचारलं.

बाईंचा आवाज उतरला. "नाही हो. तुम्ही मोकळेपणी रडलात, चार माणसांत आलात, शेवटी सावकाश श्वास घेतलात. त्याने बरं वाटतंच. चालण्याने, पोहण्याने, व्यायामाने मनाला आधार मिळतो, डॉक्टरही सांगतात. पण ते तुमच्या शरीराचं काम आहे, या झग्याचं नाही."

"अहो, यांच्या भावाला विचारा!" श्वासगुरू चवताळले. "त्याच्यावर काही परिणाम का होत नाही? गोळ्या! गोळ्यांनी..."

"तेच विचारते. ऊठ रे. तुला श्वास घ्यायला कोणी शिकवलं?"

भाऊ उभा राहिला. "तू, ताई. सात वर्षांचा असताना. पटकन घ्यायचा आणि पाण्यात हळूहळू बुडबुडे सोडायचे."

"इथे पडून कसा घेत होतास?"

"तसाच. हे फेका म्हणायचे, पण मला जमायचंच नाही. मी लांबच सोडायचो."

"म्हणून बोटं आखडली नाहीत! तू श्वास नीट घेत होतास, गाढवा! गोळ्यांचा काय संबंध?"

भावाने हातांकडे बघितलं. मग तो श्वासगुरूंशी बोलला, अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला वाटलं, माझ्यातच खोट आहे. सगळ्यांचं दुःख निघतंय आणि माझंच निघत नाही, म्हणजे मी बरा होणाऱ्यांतला नाही. परवा मी बायकोला निरोपाची चिठ्ठी लिहिली. मग फाडली. पण लिहिली होती."

श्वासगुरू "तुमची श्रद्धाच..." असं काहीतरी बोलायला गेले, तर पहिल्या ओळीतली तीच बाई ओरडली, "बसा हो खाली!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही त्यांना राग आला होता. त्या लोकांकडे वळल्या. "आणखी कोणी गोळ्या सोडल्यात?"

आधी एक हात वर झाला, मग तिसऱ्या ओळीत दुसरा. बघता बघता अकरा हात वर झाले.

"सगळ्यांनी आजच डॉक्टरांकडे जा. परत कशा सुरू करायच्या ते त्यांनाच विचारा, मनाने घेऊ नका. एकट्याने जायची भीती वाटत असेल तर माझ्याबरोबर चला. आणि चिठ्ठी लिहावीशी वाटली, तर लिहिण्याआधी घरातल्या माणसाला हाक मारा. दुखणं मनाचं असलं तरी ते दुखणंच आहे. त्याला औषध लागतं, वेळ लागतो, माणसं लागतात. आणि जो म्हणतो, 'तू बरा होत नाहीस ही तुझीच खोट,' त्याला विचारा: तू हे कशावरून म्हणतोस? उत्तर येत नसेल तर उठून चालू लागा."

त्या खाली उतरल्या आणि त्यांनी भावाचा हात धरला. अकरा जण त्यांच्यामागे निघाले, आणि दारापर्यंत पोचेस्तोवर ते तेरा झाले होते.