थंड इस्त्रीची कवळी

बँडचं नाव थंड इस्त्री. छत्तीस वर्षांपूर्वी हे असलं नाव का ठेवलं, असं कुणी विचारलं की गायक म्हणायचा, "तुम्हाला काय करायचंय?" आणि या उत्तरावर तीन पिढ्या फिदा झाल्या. धाकट्याच्या मते एवढं उत्तर कुठल्याही सरकारी खिडकीवर फुकट मिळतं.

तरीही तो भर दुपारी तीन वाजता मैदानात उभा होता. कार्यक्रम दुपारी, कारण बंडखोरांना आता नऊच्या आत झोप लागते. आजूबाजूला चार हजार काळे टीशर्ट आणि प्रत्येकात एकेक पोट, जे टीशर्ट घेतला तेव्हा नव्हतं. व्यवस्थेच्या नावाने आयुष्यभर बोटं मोडलेली ही माणसं फाटकापाशी इतक्या गुमान रांगेत उभी होती, की रखवालदार कंटाळून तिथेच डुलक्या काढत होता. घडीच्या खुर्च्या होत्या, गुडघ्याचे पट्टे होते. एकाने क्रांतीची घोषणा लिहिलेल्या पिशवीतून रक्तदाबाची गोळी काढून बायकोला विचारून घेतली.

धाकटा गाणं ऐकायला आलाच नव्हता. तो कवळी बघायला आला होता.

गायकाची वरची कवळी त्याने बनवली होती. थोरला भाऊ दातांचा डॉक्टर. पुढे दादाचा दवाखाना आणि मागे जिन्याखालच्या खोलीत धाकट्याची लॅब: प्लास्टर, मेण, घरघरणारी एक मोटर आणि फळीवर ओळीने मांडलेले शहरभरचे जबडे. एकोणीस वर्षं दादा पुढे मापं घेत होता आणि धाकटा मागे दात बसवत होता. कवळी नीट बसली की दादा पेशंटला म्हणायचा, "माप बरोबर घेतलं की असं होतं." टोचली, हलली, जेवताना ताटात पडली, की म्हणायचा, "लॅबची चूक." मागच्या खोलीत लॅबला सगळं ऐकू यायचं. भिंत पातळ होती.

हल्ली मशीनवर कवळ्या बनवणारी एक कंपनी दवाखान्यात खेटे घालत होती. परवा जेवताना दादाने विषय काढला.

"हे बघ, हा साधा पेशंट नाही. माझं दैवत आहे. चार हजार लोकांसमोर कवळी पडली, तर एक तारखेपासून सगळं काम मशीनवाल्यांकडे. भाऊ म्हणून ये, जेव, राहा. पण दात नको."

"आणि नाही पडली तर?"

"तर राहील तुझं काम. तुझ्या वहिनीसमोर सांगतोय."

"मी ऐकलंय," वहिनी म्हणाली आणि भात वाढला.

आता वहिनी दोघांच्या मधे उभी होती. कानांत दवाखान्यातल्या कापसाचे बोळे, चेहऱ्यावर अपार शांती.

बँड आला. गायक आला आणि सरळ लोकांकडे पाठ करून उभा राहिला.

"हा वळणार कधी?" धाकट्याने विचारलं.

"वळणार? छत्तीस वर्षं पाठ करून गातोय तो!" दादाचा ऊर भरून आला. "श्रोत्यांना तोंड दाखवणं म्हणजे लाचारी."

"अरे, मग तोंड दिसतं कुणाला?"

"ड्रमरला."

मोठ्या पडद्यावरही पाठच होती, फक्त आणखी मोठी. धाकट्याने कपाळाला हात लावला. त्याच्या पोटापाण्याचा निकाल लागणार होता आणि तो बघायची सोय फक्त ड्रमरला होती.

गिटारवाल्याने तारा जुळवल्या. लोकांनी डोळे मिटून माना डोलावल्या. मग गाणं सुरू झालं, ते तारा जुळवण्यापेक्षा वाईट होतं. टाळ्या कुणीच वाजवत नव्हतं, टाळ्या म्हणजेही लाचारी. चार हजार माणसं हाताची घडी घालून, मुलगा नापास झाल्यासारखी उभी होती. म्हणे हाच आनंद. धाकटा दर गाण्याला गायकाच्या मानेकडे बघत होता. मान हलत होती. कवळीचं काही कळत नव्हतं.

शेवटच्या गाण्यात ती प्रसिद्ध आरोळी होती, सतरा सेकंदांची. दादाने आधीच रुमाल काढला. आरोळीच्या जरा आधी गायकाचे दोन्ही कोपर वर गेले, पाठ गदागदा हलली आणि शब्दांचा चिखल झाला. मग झांजेवर ठण्णकन काहीतरी आदळलं. लगेच आरोळी सुटली, पूर्ण सतरा सेकंद. ती संपल्यावर ड्रमरने वाकून एक गुलाबी वस्तू उचलली.

"पडली!" दादा ओरडला.

"काढली."

"डोळ्यांदेखत पडली रे!"

"पडली तर खाली जाते, दादा. ही आडवी गेली."

वहिनीने एक बोळा काढला. "काय झालं?"

"कवळी पडली."

"कुणाची?"

"दैवताची."

"शू!" मागचा टीशर्ट म्हणाला. "हे नवीन आहे. याला खोल अर्थ आहे."

कार्यक्रम संपताच दादा दोघांना घेऊन मंचामागच्या तंबूत घुसला. गायक गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला होता. टॉवेलवर कवळी. शेजारी ड्रमर कपाळाला बर्फ लावून.

"कुणी केली ही?" गायकाने बोळक्या तोंडाने विचारलं.

"लॅबने," दादाने धाकट्याला पुढे ढकललं. "पडणार, मला वाटलंच होतं."

"पडली कुठे? मी फेकली. हा त्या गाण्यात दरवेळी ठोक्याला उशिरा येतो आणि दरवेळी मी याला काहीतरी फेकून मारतो. बूट, बाटली. एकदा स्टूल. आता कमरेमुळे वाकता येत नाही. हाताशी दुसरं काय होतं?"

"बूट बरा होता," ड्रमर म्हणाला. "ही लागते."

"पण काढायला अर्धं कडवं गेलं! टाळूला घरजावयासारखी चिकटली होती मेली."

"घट्ट झाली?" दादाचा चेहरा उजळला. "लॅबची चूक."

धाकट्याने गायकाला आ करायला लावला. टाळूच्या मागच्या बाजूला लालभडक रेघ उठली होती. आणि पंचाईत अशी, की या वेळी चूक खरोखरच लॅबची होती. कवळी पडू नये म्हणून त्याने प्लास्टरचा साचा मागच्या कडेला भलताच खरवडला होता. साचा जितका खोल, तितकी कवळीची कड टाळूत रुतते; एरवी नखभर खरवडतात, त्याने भीतीपोटी खंदक खणला होता.

"चूक माझी," तो म्हणाला. "साचा जास्त खरवडला."

दादा गांगरला. एकोणीस वर्षांत हे कुणी कबूल केलं नव्हतं, त्यामुळे पुढे काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं.

"पण पडली नाही," धाकटा म्हणाला. "वहिनी?"

"पडली नाही," वहिनी म्हणाली. "काम राहिलं. मी होते तिथे."

दादाने दैवताकडे पाहिलं. दैवत हाताच्या अंगठ्याचं नख कापत होतं.

वहिनीच्या पर्समध्ये नखं घासायची कानस होती. धाकट्याने मागची कड घासली, बोटाने चाचपली, पुन्हा घासली. बाहेर चार हजार माणसं अजून हाताची घडी घालून उभी होती, फेकण्यामागचा अर्थ लावत. दादाला मोबाइलचा उजेड धरायला लावून त्याने कवळी बसवली.

"आता ओरडा."

"कुणावर?"

"ज्याच्यावर रोज ओरडता त्याच्यावर."

गायक ड्रमरकडे वळला आणि आरोळी ठोकली. कवळी जागची हलली नाही. दादाचे डोळे आपोआप मिटले, गालांवरून पाणी ओघळलं, हातातला मोबाइलचा उजेड तंबूच्या छतावर गेला.

"दादा," धाकटा म्हणाला, "उजेड त्यांच्या तोंडात धर."