अख्खा पाव

घड्याळजीच्या बायकोला पाव भाजायचा नाद होता, आणि नादाला औषध नसतं. पाव निवला की सगळ्यांना बाजूला सारून पहिली सुरी तीच चालवायची. आतली जाळी, लहानमोठी भोकं, त्यांतली ओलसर चकाकी डोळे भरून बघायची. मग बाकीच्यांनी खावं न खावं, तिला त्याचं काय!

नणंदेने तिला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "वहिनी, दादाच्या दुकानाची एक खिडकी रिकामीच आहे. तिथे मांड की!"

तिने मांडले. पाव हातोहात खपू लागले, आणि घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. गिऱ्हाईक पाव अख्खा नेई. तो आतून कसा झाला, हे तिला कधीच कळत नसे.

दुपारी गल्ल्यावर डोळा लागला की ती पावाच्या आत शिरायची. मऊ, उबदार खोल्या, एकीतून दुसरीत, भिंतींतून पिवळसर उजेड झिरपणारा. पाय वाजत नसत. चालता चालता एक भलंमोठं दालन लागायचं, कवचाखाली नुसतं पोकळ, आणि छातीत धडधडून जाग यायची. आपले सगळे पाव आतून असेच असतील आणि लोक भिडेखातर बोलत नसतील, असं तिच्या मनाने घेतलं.

मग ती चोरून पाव कापू लागली. आधी एखादा, पुढे पुढे निम्मे. कापलेला पाव कोण घेणार? घरात दोन्ही वेळेला पावच पाव.

घड्याळजीने डोळ्यावरचं भिंग काढलं. "अगं, उघडून बघणं हा माझा धंदा. पण घड्याळाचं झाकण परत लावता येतं!"

"हसा तुम्ही. उद्यापासून मी खिडकीच बंद करते."

तो हसायचा थांबला. "तुझी मर्जी. पण गणिताच्या बाईंचा पाव तेवढा पोचव. पाय मुरगळलाय त्यांचा."

गणिताच्या बाई नाकावर माशी बसू देत नसत. तिच्या पावाला त्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. रोज न्यायच्या मात्र.

तिन्हीसांजेला तिने पाव त्यांच्या सुनेच्या हाती दिला आणि निघाली. रस्ता निळसर झाला होता. बाईंच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती, आणि तिचे पाय आपोआप थबकले. आत बाई पाय स्टुलावर ठेवून पाव कापत होत्या. पहिलाच काप पडला, आणि वरच्या कवचाखाली ही एवढी पोकळी!

"अहो, या लवकर!" बाई ओरडल्या. "आज गुहा निघाली!"

म्हातारे यजमान काठी विसरून आले. सून मधाची बरणी घेऊन धावली. "बाबा, मागच्या खेपेची गुहा तुम्हीच खाल्लीत. आज माझी पाळी!"

"घरात मोठं कोण?"

"गप्प बसा दोघं," बाई म्हणाल्या आणि पोकळीत काठोकाठ मध ओतून पहिला घास स्वतःच घेतला. बोटांवरून मध ओघळला, तोही चाटला.

ही चूक आहे, माझा हात चुकला, असं आत जाऊन सांगावं असं तिला वाटलं. सांगितलं नाही. पदर डोळ्यांना लावून ती हसत राहिली. उद्याचं पीठ अजून भिजवायचं होतं. ती भरभर घराकडे निघाली.