विहिरीच्या पाळीला टायमर

“सासूला इचारल्याबिगर सून कारभार करती, ही कुटली रीत?” विहिरीच्या काठावर उभी राहून अक्काबाई कोऱ्हाळ्याच्या वेशीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडत होती.

कारभार पाण्याचा होता. विहीर सामाईक. निम्मा वेळ पाणी अक्काबाईच्या उसाला, निम्मा वेळ धाकटी जाऊ साखरबाईच्या. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात दोघींची भांडणं विकोपाला गेली, तेव्हा अक्काबाईची सून अंजली, इंदापूरची इंजिनिअर पोर, हिनं विहिरीजवळच्या खोलीत कॉम्प्युटर बसवला. व्हॉल्व्ह तोच फिरवायचा. त्याचा कर्नल, म्हणजे सगळ्या कामांवरचा मुकादम, अंजलीनं स्वतः लिहिला. “हे नीट चाललं, की जा पुण्याला नोकरीवर,” असा शब्द अक्काबाईनं दिला होता. पुण्याची नेमणूकही आली होती.

पण हा मुकादम मनात आकडे मोजून वेळ काढायचा. कुणी कीबोर्डचं बटण दाबलं की तिकडं बघायचा, मोजणं राहून जायचं आणि चालू पाळी लांबायची. धूळ पुसता पुसता हे अक्काबाईला उमगलं. मग आपली पाळी आली, की बाई फडकं घेऊन कीबोर्ड पुसत बसायची. तिचा ऊस तरारला, साखरबाईचा पिवळा पडला.

अंजलीनं हे हेरलं आणि कर्नलला कॉम्प्युटरमधल्या टायमरच्या चिपशी जोडून दिलं. ती चिप आपल्या ठोक्यानं चालते. दर ठोक्याला मुकादमाला हातातलं काम सोडून वेळ टिपावीच लागते. आज अक्काबाईनं फडक्याच्या चिंध्या केल्या, तरी पाणी वेळेवर वळलं.

बांधापलीकडून साखरबाई खिदळली, “अक्का, सून लई गुणाची हाय गं तुजी! न्हायतर तुज्या हातनं पानी सुटलं असतं व्हय?”

अक्काबाई खोलीत घुसली. “पैल्यासारखं कर.”

“करता येतं, आत्या. पण करणार न्हाय. काकींचा ऊस वाळतोय.”

“आन् पुण्याची नोकरी?”

अंजलीचा चेहरा उतरला. “तुमी शब्द दिलाय.”

अक्काबाई हसली. बांधापलीकडं ऐकू जावं म्हणून तिनं आवाज चढवला. “नीट चाललं तर जा, म्हनलं व्हतं. नीट कुनाचं चाललं, माजं का तिचं? तुजा जीव काकीच्या उसात हाय न्हवं? मंग उद्यापास्नं फावडं घिऊन तिच्याच वावरात पान्याची दारं धर. आन् पुण्याला कळवून टाक, आमची सून मेली म्हनून.”